कडेला धर

आमचे आतोबा, म्हणजे माझ्या थोरल्या आत्याचे यजमान, जन्मभर दोनच कामं करत आले. भांड्यांवर नावं घालायची आणि माणसांना नावं ठेवायची. पहिलं काम ते सांगलीच्या सराफपेठेतल्या आपल्या वीतभर पेढीवर बसून करत, आणि दुसरं कुठंही, कधीही, अगदी घोरता घोरतासुद्धा. लग्नाचं ताट असो, बारशाची वाटी असो, देवापुढचं निरांजन असो, चांदीवर कुणाकडून कुणाला ते कोरायचं तर आमच्या आतोबांनीच, असा त्या काळी सांगलीत रिवाज होता. त्यांचं अक्षर बघितलं की ते मागाहून कोरलंय असं वाटतच नसे. भांडं जन्मालाच त्या नावानिशी आलंय असं वाटे. पण एवढा मोठा कारागीर उभ्या आयुष्यात घाबरला तो एका गोष्टीला. साप, विंचू, प्लेग, कृष्णेचा पूर, लढाईतले बाँबगोळे, कशालाही म्हणून ते भीत नसत. ते भीत डागाला. चांदीवरच्या डागाला.

परमेश्वराने ही सृष्टी निर्माण केली ती मुख्यतः चांदी खराब करण्यासाठी, असं त्यांचं ठाम मत होतं. माणसाचा घाम, मीठ, कांदा, अंडं, लोकर, रबर, चुलीचा धूर, शेजारणीची फोडणी, सगळे चांदीच्या मुळावर उठलेले. त्यात सांगलीच्या बाजारात हळदीची पोती रिकामी व्हायला लागली की पिवळा धुरळा गावभर उडे. त्या दिवसांत आतोबा पेढीला ओला पडदा लावून आत बसत आणि सबंध व्यापारी जमातीचा उद्धार करत. ते मूळचे साताऱ्याचे. साताऱ्याची हवा हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय. "साताऱ्यात माझ्या वडिलांनी घडवलेली समई ओसरीवर ठेवा, वर्षानं जाऊन बघा. तश्शीच! आणि इथं? इथं चांदीचं नुसतं नाव काढलं तरी ती काळवंडते." "मग आलात कशाला सांगलीला?" असं आत्या विचारी. "तुझ्यामुळं," एवढं म्हणून ते पुन्हा कामात डोकं घालत. हे कौतुक होतं की तक्रार, ते आत्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

मी तेव्हा सांगलीत नवा नवा शाळामास्तर झालो होतो आणि आत्याकडेच राहायला होतो. आतोबा मला 'मास्तर' म्हणत. पहिल्या दिवशी मी वाकून नमस्कार केला तर त्यांनी आशीर्वाद वगैरे न देता माझे दोन्ही हात उलटे केले आणि तळवे पाहिले. माणसाचा चेहरा ते बघतच नसत, हात बघत. त्यांच्या हिशेबी हातांच्या तीनच जाती. गोड हात, म्हणजे चांदीला कितीही लागला तरी डाग न पाडणारा. खारा हात, म्हणजे दुसऱ्या दिवशी ढग उठवणारा. आणि काळा हात, म्हणजे सत्यानाश. गोड हात लाखांत एखादा, आणि तो त्यांचा स्वतःचा होता. याचा त्यांना एवढा अभिमान की परमेश्वर भेटला असता तर त्यालाही त्यांनी आधी तो दाखवला असता. माझा हात खारा निघाला. त्या दिवसापासून घरातल्या कुठल्याही चांदीच्या वस्तूजवळ मी नुसता उभा राहिलो तरी माजघरातून हाक येई, "कडेला धर! कडेला!" वाटी, तबक, फुलपात्र, काहीही असो, पोटाला हात लावायचा नाही, काठाला दोन बोटांच्या चिमटीत धरायचं, हा त्या घरचा पहिला संस्कार. सवय इतकी अंगी भिनलेली की गणपती विसर्जनाला गल्लीतली माणसं मूर्ती उचलायला लागली तेव्हा गर्दीतून आतोबा ओरडले होते, "कडेला धरा रे! पोटाला हात लावू नका!"

एकदा एक पैलवान आला. कुठल्याशा मैदानात त्याला चांदीची गदा मिळाली होती आणि तिच्यावर नाव घालून हवं होतं. गडी तालमीतून थेट आलेला, अंगाला तेल, त्यावर लाल माती, त्यावर घामाच्या धारा. त्याला पेढीच्या पायरीवर पाय ठेवताना बघून आतोबा जागेवरूनच ओरडले. "तिथंच थांबा! मागं व्हा! समोरच्या ओट्यावर बसा!" त्यांनी स्वतः जाऊन मलमलीच्या फडक्यात धरून गदा आत आणली, आणि मग रस्त्याच्या या बाजूला आतोबा आणि त्या बाजूला पैलवान असं बोलणं सुरू झालं. "नाव?" "आं?" "नाव सांगा, नाव!" पैलवानाने बेंबीच्या देठापासून नाव सांगितलं. "वडलांचं?" तेही सांगितलं. मधून बैलगाड्या जात, त्यामुळे प्रत्येक अक्षर फिरून ओरडावं लागे. हां हां म्हणता माणसं गोळा झाली. भांडण जुंपलंय समजून चौकातला पोलीसही आला, आणि तोही पैलवानाचं आडनाव ओरडून सांगायला लागला. नाव झालं. गदा बघून पैलवानाला भरून आलं. "लय झ्याक झालंय काका!" म्हणत तो धावत आला आणि दोन्ही पंजांनी गदा कवटाळणार तोच आतोबा किंचाळले, "अहो, कडेला धरा!" पैलवान बिचारा गदा फिरवून फिरवून बघत राहिला. "आवं काका," तो म्हणाला, "गदेला कड असतीया व्हय?" आतोबांनी खांद्यावरचं स्वतःचं उपरणं काढलं, गदेला बाळासारखं गुंडाळलं आणि म्हणाले, "घरी जाऊन आंघोळ करा, मग सोडा."

घरात कांदा शिरत नसे. एरवी आमचं घर काही सोवळ्याचं नव्हतं, पण कांद्याच्या वासानं चांदी काळी पडते म्हणून कांदा बंद, लसूण बंद, आणि अंडं तर शब्द म्हणूनही बंद. मी एकदा स्नेह्याकडे कांद्याची भजी खाऊन आलो. पेढीच्या दारात पाऊल टाकतो न टाकतो तोच आतोबा चांदीच्या कपाटाला आडवे झाले. "मास्तर, तोंड तिकडं कर आणि बोल." आत्या मोठी हुशार बाई. वर्षातून एकदा आतोबा साताऱ्याला भाऊबंदांकडे जात, हवा खायला. ते गाडीत बसले की इकडे आत्या पाटीभर कांदे आणून ठेवी, आणि ते परतेपर्यंत आमच्याकडे कांद्याची आमटी, कांद्याचं पिठलं, कांद्याची थालीपीठं, आणि तोंडी लावायला कांदा. परत आल्यावर आतोबा दारातच नाक फेंदारून उभे राहत. "काय गं, कसला वास?" आत्या शांतपणे म्हणे, "सांगलीच्या हवेचा." यावर त्यांना मान डोलवण्याशिवाय गत्यंतर नसे.

मात्र ते कामाला बसले की बघत राहावं. आधी रिठ्याच्या पाण्याने हात कोपरापर्यंत धुवायचे. मग भांड्याला तलम फडकं गुंडाळून ते लाखेत बसवायचं, म्हणजे हलायला नको आणि लाखेचा ओरखडाही नको. नाव घालायचं तेवढीच खिडकी उघडी, बाकी सगळं झाकलेलं. त्या खिडकीवर खडूचा हलका लेप, त्यावर अक्षरं रेखायची, आणि मग कोरणी. कोरणीला रोज धार. कारण बोथट कोरणी घसरते, आणि घसरलेल्या कोरणीचा चरा जन्मभर जात नाही. अक्षर चालू असताना ते श्वास घेत नसत, मग बोलणं कुठलं? त्यामुळे त्यांच्याशी गप्पा म्हणजे मोठा सहनशक्तीचा मामला. "मास्तर, आज शाळेत..." एवढं म्हणून ते 'क्ष' कोरायला घेत. 'क्ष' संपेपर्यंत मी घरी जाऊन जेवून येई. आल्यावर वाक्य पुढं चालू होई, "...काय झालं?"

आणि शेवटी, सगळं कोरून झालं की, त्यांच्या मते जगातल्या सर्वांत घातकी पदार्थाची गाठ घ्यावी लागे. तो म्हणजे गंधक. चांदीचा सख्खा वैरी. पण कोरलेलं अक्षर नुसतं पांढऱ्यावर पांढरं दिसतं, वाचता येत नाही. त्याच्या खोबणीत काळं भरावंच लागतं, आणि ते काळं येतं गंधकाच्या लेपानं. त्या कामाला ते परसात जात, नाकातोंडाला पंचा बांधत, आणि घरातून साप पकडून नेत असल्यासारखे ती डबी हात लांब करून नेत. लेप अक्षरापुरता द्यायचा, अक्षर काळं झालं की वरची चांदी पुन्हा घासून पांढरी करायची. मग ते नाव असं उठून दिसे की बघणाऱ्याने जागीच थबकावं. लढाईचे दिवस होते. तासगावकडचा एक शिपाई रजेवरून परत निघताना बायकोच्या वाळ्यांवर स्वतःचं नाव घालून घ्यायला आला होता. "बारीक घाला, पर खोल घाला," तो म्हणाला, "पुसलं न्हाई पायजे." आतोबांनी त्या वेळी त्याचे हात बघितले नाहीत. खोल घातलं, आणि काळं दोनदा दिलं.

आता इंदूकडे येतो. इंदू ही आतोबांची एकुलती एक लेक, माझी आतेबहीण. लहानपणापासून सगळी चांदी कडेला धरत आलेली, पण बोलताना मात्र कशाचीही कड न धरणारी. तिचं लग्न ठरत नव्हतं. रूप, गुण, घराणं, कशातच काही उणं नव्हतं. उणं होतं ते आलेल्या मुलांच्या हातांत. स्थळ आलं की आतोबा मुलाच्या हाती मुद्दाम चांदीची वाटी देत, आणि पाहुणे गेले की ती वाटी फडताळात वेगळी ठेवून देत. सकाळी उठून बघत. एका वकिलाच्या मुलाच्या वाटीवर ढग उठला. "खारा. नको." दुसरा एक तर कराडचा जमीनदार, त्याला घामच घाम. "वाटी आहे का पोहायचा तलाव?" आत्या बिचारी त्या मंडळींना पत्रिका जुळत नाही असं कळवे. पत्रिका एकाचीही पाहिलेली नसे. मैत्रिणींची लग्नं होऊन त्यांच्या कडेवर पोरं आली, आणि इंदू अजून पोह्यांच्या बशा फिरवत होती.

अशात आत्याच्या हाताला खाज सुटली. कसली तरी चिवट खरूज होती, जाता जाईना. मिरजेला दवाखान्यात जायला लागायचं, सोबतीला इंदू. हात बरा होईपर्यंत आत्याला चांदीजवळ फिरकायची बंदीच होती. तिथला कंपाउंडर मोठा गुणी मुलगा, मूळ साताऱ्याचा आणि आमच्याच ज्ञातीतला. आत्याच्या हाताला पट्टी बांधताना तो आत्याशी बोले आणि इंदूकडे बघे, की इंदूशी बोले आणि आत्याकडे बघे, यातलं काय ते आत्याने सांगितलं नाही. पण हात बरा झाला तरी आत्याचं मिरजेला जाणं थांबेना, तेव्हा मी काय ते समजलो. इंदूने मला एकदा सरळच सांगितलं, "दादा, बाबांनी ह्यालाही परत पाठवलं ना, तर मी पुन्हा कुणापुढं बशी घेऊन जायची नाही. सांगून ठेवते." आणि इंदू बोलली की ती तसंच करणार, हे मला ठाऊक होतं.

मुलगा आला, सोबत त्याचे मामा. 'साताऱ्याचा' या एका शब्दावर आतोबा निम्मे खूश होते. पोहे झाले, अर्थात बिनकांद्याचे. मामा बशीत कांदा शोधत राहिले. मग आतोबांनी पाणी मागवलं, आणि इंदू चांदीच्या फुलपात्रातून पाणी घेऊन आली. ते फुलपात्र म्हणजे आतोबांचा जीव की प्राण. स्वतः आरशासारखं उजळलेलं, अजून त्यावर एक अक्षरही न घातलेलं. इंदूने कडेला धरून पुढं केलं. त्या भल्या माणसाने चांगलं पाची बोटांनी पोटाला गच्च धरून घटाघटा पाणी प्यायलं, वर "वा, थंडगार!" म्हणाला. आणि प्यायल्यावरही खाली ठेवीना. बोलता बोलता हातातच धरून बसला, कारण इंदू दारात उभी होती. आतोबांचं बोलण्यात लक्ष राहिलं नाही. ते त्या बोटांकडे बघत होते आणि मी आतोबांकडे.

सकाळी उठून पाहतो तो फुलपात्रावर एका अंगाला चार आणि दुसऱ्या अंगाला एक, असे पाच डाग. नुसता ढग नाही, चांगले तपकिरी काळे, बोटावरच्या रेषा मोजून घ्याव्यात असे. आतोबा ते समोर ठेवून बसले होते, घरात कुणी गेल्यासारखे. "काळा हात," ते म्हणाले. "इतकी वर्षं पेढीवर बसलो, असा हात पाहिला नाही. माझ्या मुलीचा हात मी या हातात देणार नाही." आत्या चिडली, रडली, चूल पेटवणार नाही म्हणाली. आतोबा ढिम्म. शेवटी मिरजेला जाऊन नकार सांगायची कामगिरी माझ्यावर आली. आत्याने आयुष्यात पहिल्यांदा पत्रिकेची सबब द्यायला नकार दिला. "खरं काय ते सांग त्याला," ती म्हणाली, "त्यालाही कळू दे कसल्या घरातून सुटला ते."

मी दवाखान्यात गेलो तर हा पठ्ठ्या मोठ्या खलात काहीतरी पिवळं पिवळं घोटत होता. बोटं पिवळी, नखं पिवळी, कपाळावरही एक पिवळा पट्टा. मला बघून त्याने लगबगीने हात पुसले, पण ते काही पांढरे होईनात. "हे काय हो?" मी विचारलं. "गंधकाचं मलम. खरजेला. इतकी माणसं येतात खेड्यापाड्यांतून, मला दिवसभर हेच घोटावं लागतं. अंगाला वास येतो का हो? आंघोळ करूनच आलो होतो तुमच्याकडे." मला हसू आवरेना. त्याचा हात काळा नव्हता, गोड-खारा काहीही नव्हता. आत्याची खरूज ज्यानं बरी केली, तेच मलम फुलपात्रावर उमटलं होतं! नकार मी खिशातच ठेवला आणि मिळेल त्या गाडीने सांगलीला परत आलो. आता सगळं सुरळीत होणार, असं मनात म्हणत मी घरात शिरलो आणि सांगितलं, "आतोबा, तो घाम नव्हताच. गंधक होता, गंधक!"

आतोबा उठून उभे राहिले. "गंधक?" ते म्हणाले. "अरे देवा! घाम असता तर धुऊन तरी गेला असता. हा तर वैऱ्याच्याच घरी नोकरीला आहे!"

आत्याने कपाळावर हात मारला. पण आतोबा खाली बसले आणि त्यांचा आवाज एकदम उतरला. "मास्तर, तुला नाही कळायचं. लग्न झालं की पायात जोडवी येतात. चांदीची असतात. सवाष्णीनं ती काढायची नसतात. या माणसाच्या घरात ती महिन्याभरात काळी ठिक्कर पडतील. माझ्या मुलीची जोडवी काळी झालेली मी बघू?" तेव्हा मला कळलं की एवढ्या सगळ्या वाट्या आणि तळवे कशासाठी होते. मुलं नापसंत करता करता हा माणूस मनातून लेकीच्या पायांकडे बघत होता. मला त्यांची दया आली.

इंदू स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून सगळं ऐकत होती. ती पुढे आली, तिने ते फुलपात्र उचललं. कडेला नाही, चांगलं पोटाला धरून. आतोबांचा हात अर्धवट पुढं आला.

"बाबा, तुम्ही नाव घालता, मग अक्षरात काळं भरता. ते कशानं?"

आतोबा तिच्या बोटांकडे बघत होते.

"गंधकानंच ना? आणि नाही भरलं तर?"

"तर... दिसत नाही."

"दिसत नाही ना? मग माझं नाव काय तुम्ही पांढऱ्यावर पांढरंच ठेवणार आहात? या घरात मला सगळ्यांनी कडेलाच धरलं बाबा. कुणीतरी एकदा पोटाशी धरू दे की." एवढं बोलून फुलपात्र आतोबांच्या पुढ्यात ठेवून ती परसात निघून गेली.

आतोबा उठले, रिठ्याच्या पाण्याने हात धुतले, फुलपात्र मलमलीत घेतलं आणि पेढीवर गेले. डाग पुसायला गेले असणार, असं मी आत्याला म्हणालो. तिन्हीसांजेला ते परत आले आणि त्यांनी फुलपात्र इंदूच्या हातात दिलं. डाग होते तसेच होते. पण प्रत्येक डागाच्या कडेकडेने कोरणी फिरली होती. चार बोटांच्या चार कळ्या, अंगठ्याची एक मोठी कळी, आणि पाचींना जोडणारी केसासारखी बारीक वेल. चांदी पांढरी शुभ्र, कळ्या तेवढ्या काळ्या. मी त्यांचं पुष्कळ काम पाहिलं, त्याच्या जवळपास येणारं दुसरं पाहिलं नाही. "मिरजेला निरोप धाड," आतोबा आत्याला म्हणाले, "आणि त्याला म्हणावं, लग्नाच्या दिवशी तरी हात धुऊन ये."

लग्न थाटात झालं. अंतरपाट दूर झाल्यावर नवरदेवाच्या हातात इंदूचा हात देताना आतोबांनी सवयीनं त्याचा हात उलटा करून तळवा पाहिलाच, आणि मांडवात हशा पिकला. जोडवी काळी पडायची ती पडलीच. इंदू पहिल्यांदा माहेरी आली ती पाय पुढे करूनच. "बघा बाबा, तुमचं खरं झालं!" आतोबांनी रिठ्याचं पाणी आणलं, खाली बसले, लेकीचा पाय मांडीवर घेतला आणि पायातल्या पायात जोडवी घासून पांढरी केली. गुदगुल्या होऊन ती हसत होती आणि हे ओरडत होते, "हलू नको! घसरेल!" त्यानंतर ती दर पंधरवड्याला यायची, जोडवी उजळून घ्यायला. मिरज काय, हाकेच्या अंतरावर. जोडवी काळी पडतात याचा आतोबांना हळूहळू आनंद व्हायला लागला होता, पण तसं ते कबूल कुठले करतात!

आणि मग जावयांनी दवाखान्याची नोकरी सोडून स्वतःचं औषधांचं दुकान काढलं. कुठं? साताऱ्याला. आतोबांना बोलायला जागाच नव्हती. जन्मभर त्यांनीच साताऱ्याच्या हवेचे गोडवे गायलेले. दुकानात बाटल्या विकायच्या, मलम घोटायचं नाही, त्यामुळे जावयाचे हात पांढरे झाले. इंदूची जोडवीही पांढरी राहू लागली आणि तिचं येणं दिवाळीवर आलं. इंदूने फुलपात्र माहेरीच ठेवलं होतं, आतोबा रोज त्यातूनच पाणी पीत. रोजच्या विसळण्या-पुसण्यात कळ्यांतलं काळं फिकट होत होत एक दिवस दिसेनासं झालं. नुसत्या रेघा राहिल्या.

एका दुपारी मी शाळेतून आलो तर ते फुलपात्र हातात धरून बसले होते. पोटाला धरून! पाची बोटं त्या पाच कळ्यांत नीट बसवलेली. मला बघून त्यांनी बोटं उचलली आणि फुलपात्र उजेडात फिरवलं. लख्ख होतं. "बघ मास्तर," ते म्हणाले, "रोज धरून बसतो. काही उमटतच नाही."

"तुमचा हात गोड ना आतोबा," मी थट्टेने म्हणालो.

"हं. गोड." ते आपल्या तळव्याकडे बघत राहिले. "साऱ्या गावाची नावं घातली. आपलं एक बोट उमटत नाही रे कुठं."

दिवाळीला इंदू आली तेव्हा मी हे तिला सांगितलं. तिने ऐकून घेतलं, उठली, आत्याच्या फडताळातून मलमाची जुनी डबी शोधून काढली आणि ओसरीवर आतोबांच्या पुढ्यात जाऊन बसली. "हात आणा." "कशाला? अगं, वास... अगं, गंधक आहे तो! चांदी आहे घरात!" "आणा म्हणते ना." तिने त्यांची पाची बोटं मलमाने माखली, नावाला पुसली, आणि फुलपात्र हातात दिलं. "कळ्यांत बोटं बसवा आणि धरा. घट्ट." आतोबा आधी रागावले, मग लाजले, आणि मग फुलपात्र दोन्ही हातांनी पोटाशी घेऊन दिवे लागेपर्यंत बसून राहिले. मध्ये एक गिऱ्हाईक आलं, त्याला त्यांनी उद्या ये म्हणून सांगितलं. सकाळी कळ्या पुन्हा काळ्या झाल्या होत्या. जाताना ते फुलपात्र इंदूने मलमलीत बांधून बरोबर नेलं. त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत.

पुढं एका सुटीत मी साताऱ्याला इंदूकडे गेलो. घर झकपक होतं, समया, तबकं, सगळं लखलखीत. स्वयंपाकघरातून कांद्याच्या फोडणीचा खमंग वास येत होता. फडताळात मधोमध ते फुलपात्र होतं. पितळी तांब्याशेजारी, काचेआड, आणि पाची कळ्या अजून काळ्याभोर. साताऱ्याची हवा खरंच चांगली असावी. आतोबांच्या अंगठ्याला कोरणी धरून धरून आडवी घडी पडली होती, ती घडीसुद्धा मोठ्या कळीत स्पष्ट दिसत होती. मी काच सरकवली आणि ते उचलायला हात पुढं केला, तोच आतून पदराला हात पुसत इंदू धावत आली.

"दादा!" ती ओरडली. "कडेला धर!"

मी कडेला धरलं.